दर वेळी आतलीच बॅटरी का बसते?

निपाणीकडच्या एका गाडीमालकाने विचारलंय, ते थोडक्यात असं: "गाडी २००४ ची, सहा चाकी, २४ व्होल्टची म्हणजे दोन बॅटऱ्यांची, जुना यांत्रिक डिझेल पंप. हंगामात ऊस, एरवी विटा नाहीतर गूळ. संध्याकाळी चांगली चालू असलेली गाडी उभी केली की सकाळी सेल्फ मारताना नुसता 'टक' करून गप्प. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. मग धक्का मारायला माणसं शोधा. दोन वर्षांत तीनदा बॅटरी बदलली. दर वेळी आतलीच जाते. बाहेरची ठीक आहे, तिला पाणी तेवढं फार लागतं. बॅटरीवाला म्हणतो डायनामो बघा, डायनामोवाला म्हणतो वायरिंग बघा, वायरिंगवाला म्हणतो सगळा हार्नेस, म्हणजे गाडीभर फिरलेला वायरींचा जुडगा, नवा टाका. काय करू?"

मालक, हार्नेसचे पैसे आधी खिशात परत ठेवा. लागला तर नंतर टाकता येईल, आत्ता नको.

मी बेळगावात ट्रकच्या इलेक्ट्रिकचं काम करतो, तीस वर्षं होत आली. 'बॅटरी उतरते' एवढं एकच वाक्य घेऊन माणसं येतात. आमच्याकडचा पोरगा बैलहोंगलचा आहे, तो गाडी आत येताच सांगून मोकळा होतो, "बॅटरी खाली आगेत्री." खाली, म्हणजे रिकामी, झाली हे खरं, पण का झाली? त्या एका वाक्यात निरनिराळी दुखणी लपलेली असतात. बॅटरी दिवसा भरतच नाही. भरते, पण धरून ठेवत नाही. भरते, धरते, पण रात्री गाडीतलं काहीतरी ती पीत बसतं. आणि चौथं, जे सगळे विसरतात: बॅटरी भरलेलीच आहे, पण तिची ताकद सेल्फपर्यंत पोचत नाही. चारही वेळा सकाळचा आवाज तोच, 'टक'. म्हणून आवाजावरून निदान करणाऱ्याचं मी ऐकत नाही, आणि तुम्हीही ऐकू नका.

तुम्ही जाता जाता जे लिहिलंय, की आतलीच जाते आणि बाहेरचीला पाणी लागतं, ते माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आहे. माझा संशय तिथेच आहे. पण गाडी डोळ्यांनी बघितलेली नाही, त्यामुळे आधी बाकीच्या शक्यता कशा बाजूला सारायच्या ते सांगतो. मीटर लागेल. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

चौथं दुखणं आधी, कारण त्याला दोन मिनिटं लागतात. गाडी 'टक' करेल त्या सकाळी धक्का मारायच्या आधी मीटरच्या दोन्ही पिना बॅटऱ्यांच्या दोन टोकांच्या शिशाच्या खुंट्यांवर धरा, केबलच्या टोकाच्या कडीवर (थिंबलवर) नव्हे, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा २४ वरून १४-१५ वर कोसळला तर बॅटरी खरंच रिकामी आहे किंवा तिच्यात दम नाही. पण सेल्फ मारतानाही २२-२३ राहत असेल आणि सेल्फ हलत नसेल, तर दोष पुढे आहे: चेसिसला बोल्टने आवळलेली अर्थची केबल, सेल्फला करंट जोडणारा स्विच म्हणजे सोलेनॉइड, टर्मिनलखाली साठलेली पांढरी बुरशी. अर्थचा बोल्ट खोलून पत्रा चमकेपर्यंत घासला आणि गाडी सुरू झाली, असं मी शंभरदा तरी केलं असेल. जुन्या गाडीच्या चेसिसवर रंगावर रंग चढलेला असतो आणि बोल्ट त्या रंगावरच आवळलेला असतो. तुमची आतली बॅटरी खरोखर जाते आहे, त्यामुळे तुमचं एवढंच दुखणं नसावं. तरी बघून घ्या.

आता हिशेब. तुमच्याकडे १२० ॲम्पिअर-अवरच्या (एक ॲम्पिअर १२० तास पुरेल एवढ्या साठ्याच्या) दोन बॅटऱ्या आहेत असं धरू. दोन्ही एकामागे एक जोडलेल्या, म्हणजे व्होल्ट २४ होतात, साठा १२०च राहतो. भरलेली धडधाकट जोडी एका रात्रीत, दहा तासांत, अर्ध्यावर आणायची तर सतत सहा ॲम्पिअर खेचायला हवेत. २४ व्होल्टवर सहा ॲम्पिअर म्हणजे १४४ वॅट. एवढं काहीतरी रात्रभर चालू असेल तर ते दिसेल तरी, नाहीतर हाताला गरम तरी लागेल. कॅबिनमधला पाच वॅटचा बल्ब जळत राहिला तर ०.२ ॲम्पिअर, रात्रभरात दोन ॲम्पिअर-अवर; त्याने चांगली बॅटरी बसत नाही. २१ वॅटचा ब्रेक लाईटचा बल्ब ०.९ ॲम्पिअर घेतो, दोन्ही बाजूंचे मिळून पावणेदोन, रात्रभरात सतरा-अठरा. तरीही भरलेली जोडी सकाळी गाडी उचलते. म्हणून कॅबिनचा दिवा राहिला आणि बॅटरी बसली असं कोणी म्हटलं की मी म्हणतो, दिव्याने फक्त शेवटचा धक्का दिला. बॅटरी आधीच अर्धी होती. ती अर्धी का होती, ते शोधायचं. अर्धी बॅटरी एप्रिलमध्ये गाडी उचलते. डिसेंबरात पहाटे, ऑइल मधासारखं झाल्यावर, तीच बॅटरी हात वर करते. तुमचं 'रोज नाही, आठवड्यातून दोनदा' बहुधा यातूनच आलंय. दोष रोज आहे, काठावरची बॅटरी कधी तरते आणि कधी बुडते, एवढंच.

बॅटरी धरते का, हे बघायची सगळ्यात स्वस्त परीक्षा म्हणजे रात्री गाडी उभी करून चेसिसकडे जाणारी मायनसची केबल सोडवून ठेवायची आणि सकाळी परत लावून सेल्फ मारायचा. सुरू झाली तर बॅटरी चांगली, गाडी पिते. नाही झाली तर बॅटरीच धरत नाही. आम्ही सगळे हे सांगतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण यात एक खड्डा आहे. त्यात मी स्वतः पडलोय, तो पुढे सांगतो.

ही परीक्षा करताना मापं नीट घ्या. चालून आलेल्या गाडीवर लगेच मीटर लावला तर तो २६ सुद्धा दाखवतो. ती वरवरची सूज असते. हेडलाईट दोन-तीन मिनिटं लावा, बंद करा, अर्धा तास थांबा, मग प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. भरलेली १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. दोन्ही मिळून २४.६ आले म्हणून खूश होऊ नका. १२.७ आणि ११.९ मिळूनही २४.६ च होतात. बेरीज फसवते. बहुतेक जण दोन टोकांना मीटर लावतात, बेरीज बघतात आणि ठीक आहे म्हणून सोडून देतात.

झाकणाच्या बॅटऱ्या असतील तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, हीही बघा. भरलेल्या बॅटरीत ती १२५० च्या आसपास असते. सहापैकी पाच सेल सारखे आणि एकच ५० ने खाली, तर तो सेल गेला, त्या बॅटरीवर जीव टाकू नका. सहाच्या सहा सारखेच खाली असतील तर ती नासलेली नाही, उपाशी आहे. तुमच्या आधीच्या तीन बॅटऱ्यांपैकी निदान एक तरी अशी उपाशीच टाकून दिली असणार, असं मला वाटतं.

गाडी पिते असं ठरलं तर कोण पितो ते शोधायला मी मीटरच्या आधी बल्ब वापरतो. २४ व्होल्टचा २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, टोकांना क्लिप. चावी बंद, दारं बंद, चेसिसची मायनस केबल सोडवा. एक क्लिप बॅटरीच्या मायनस खुंटीला, दुसरी सोडवलेल्या केबलच्या टोकाला. आता गाडी जे काही पिते ते या बल्बमधून जातं. बल्ब लख्ख पेटला तर मोठं गळतंय. मंद लाल तार दिसली तर थोडं. काहीच नाही तर मीटर १० ॲम्पिअरच्या खाचेत घालून त्याच जागी लावा. आधी बल्ब का, तर मोठी गळती असेल आणि थेट मीटर लावला तर मीटरचा फ्यूज उडतो आणि मग अर्धा दिवस आपण मेलेल्या मीटरने 'शून्य' मोजत बसतो. बल्बला काही होत नाही. आणि बल्ब किंवा मीटर जोडलेला असताना कोणी चुकूनही सेल्फ मारायचा नाही. चावी खिशात ठेवा, क्लीनरकडे नको.

तुमच्यासारख्या जुन्या, कॉम्प्युटर नसलेल्या गाडीत चावी बंद असताना जवळपास शून्यच यायला हवं. जीपीएस किंवा टेपची मेमरी असेल तर थोडं. ५० मिलिॲम्पिअरच्या आत असेल तर मी त्याच्या मागे लागत नाही.

बल्ब पेटलेला असताना एकेक फ्यूज काढत जा आणि बल्बकडे बघा. ज्या फ्यूजने तो विझला त्या लाईनवर चोर आहे. मग त्या लाईनवरचे रिले (करंटने चालणारे स्विच), साधे स्विच, होल्डर एकेक करून सोडवा. हे काम कंटाळवाणं आहे पण अवघड नाही, तुम्ही स्वतः करू शकता. अडचण पुढे येते. सगळे फ्यूज काढले, तरी बल्ब पेटलेलाच. इथे वायरिंगवाला हात टेकतो आणि 'हार्नेस बदला' म्हणतो. जुन्या गाडीत फ्यूजमधून न जाणाऱ्या वाटा मोजक्याच असतात: सेल्फची जाड केबल, डायनामोची जाड वायर, चावीकडे जाणारी मुख्य वायर, आणि नंतर कुणीतरी कुठेतरी जोडलेल्या. कारखान्यातून आलेलं मूळ वायरिंग मला फार कमी वेळा दोषी सापडलंय. वीस वर्षांच्या गाडीत किती हातांनी काय काय जोडलेलं असतं! रिव्हर्स हॉर्न, कपाळावरचे रंगीत एलईडी, देवाच्या फोटोवरचा दिवा, पंखा, टेप, ॲम्प्लिफायर, मोबाईलचा चार्जर, आणि आधीच्या मालकाने लावलेलं नि आता कुणालाच माहीत नसलेलं एखादं काहीतरी.

डायनामोचं आधी बघू, कारण तुमच्या डायनामोवाल्याने त्याला निर्दोष ठरवलंय, आणि तो कसं बघतो यावर ते अवलंबून आहे. इंजिन चालू असताना २८ व्होल्ट आले की 'डायनामो ओके' म्हणतात. चार्जिंगपुरतं ते बरोबर. पण बंद गाडीत डायनामो बॅटरी पितो की नाही, ते त्या मापातून कळत नाही. आतला एखादा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, फुटला तर बॅटरीतला करंट उलट त्यात शिरतो. सकाळी सेल्फ मारायच्या आधी डायनामोवर तळहात ठेवा. रात्रभर उभ्या गाडीचा डायनामो दगडासारखा गार असला पाहिजे. कोमट लागला तर पकडला.

यमकनमर्डीच्या पुढच्या एका ढाब्यावर मला एकदा पहाटे बोलावलं होतं. चावी बंद, दिवे बंद, गाडी मेलेली. डायनामो कोमट लागला. मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक डायनामोच्या पुलीच्या नटाजवळ नेलं तर ते खेचून घेऊन तिथेच चिकटलं. बॅटरी एवढी उतरलेली असूनही. चावी बंद असताना रोटरमध्ये, म्हणजे डायनामोच्या फिरत्या भागात, चुंबक जागा असेल तर त्याचा अर्थ एकच, त्याच्या गुंडाळीला अजून करंट मिळतोय. गाडीत चावीमागचा रिले होता, त्याचे पॉइंट जळून एकमेकांना चिकटले होते. रात्रभर अडीच-तीन ॲम्पिअर तिकडे जात होते. रिले बदलला, काम झालं. त्या मालकाने त्याआधी डायनामो दोनदा बांधून घेतला होता. ही चाचणी करायला मीटर लागत नाही, फक्त इंजिन बंद आहे याची खात्री करा. लोखंडात थोडं चुंबकत्व तसंही उरतं, पण ते टोकाला हळूच ओढतं. करंटचं चुंबक गच्च धरतं.

आता तुमच्या आतल्या बॅटरीकडे येऊ.

२४ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टची वस्तू लावायची असली की लोक काय करतात? दोन बॅटऱ्यांना जोडणारी जी मधली केबल असते, तिच्यावर वायर मारतात. तिथे चेसिसच्या हिशेबाने बरोबर १२ व्होल्ट मिळतात. टेप वाजतो, चार्जर चालतो, सगळे खूश. पण ते १२ व्होल्ट एकट्या अर्थकडच्या बॅटरीचे असतात, म्हणजे ज्या बॅटरीची मायनस चेसिसला गेली आहे तिचे. तुमच्या गाडीत ती आतली असणार. ती रात्री खर्च होते, बाहेरची खर्चच होत नाही. सकाळी डायनामो दोघींना एकाच रांगेतून चार्ज करतो, दोघींतून सारखाच करंट जातो. डायनामोचा व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बेरीज बघतो, कुणाला किती हवं ते त्याला कळत नाही. बाहेरची आधीच पोटभर, तरी तिला वाढलं जातं. ती उकळते, पाणी उडवते. आतली उपाशी, तिला पुरत नाही. पंगतीत एकाला आग्रह आणि दुसऱ्याचं पान रिकामं, तसं. असे महिने गेले की आतलीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती खरोखरच निकामी होते. मग बॅटरीवाला ती एक बदलतो. नवी आतली पुन्हा त्याच जागेवर उपाशी राहायला बसते. दोन वर्षांत तीन.

आता तो खड्डा. पंधराएक वर्षांपूर्वी संकेश्वरची गुळाची गाडी माझ्याकडे आली होती, हीच तक्रार घेऊन. मी शहाणपणाने मायनसची केबल काढून ठेवली, सकाळी बघितलं तर आतली बसलेली. केबल काढूनही उतरली, म्हणजे बॅटरीच खराब, असं सांगून मोकळा झालो. मालकाने नवी घेतली. तीन महिन्यांत गाडी परत माझ्या दारात. मी बॅटरी बॉक्सजवळ बसलो होतो आणि क्लीनर सीटमागून आपली घोंगडी काढत होता, तो म्हणाला, "मिस्त्री, हे डबडं गरम आहे की हो!" ॲम्प्लिफायर. टेप आदल्या संध्याकाळपासून बंद होता. हा ॲम्प्लिफायर चालू-बंद करायची जी बारीक वायर टेपला जायला हवी, ती बसवणाऱ्याने सरळ प्लसलाच गुंडाळली होती, त्यामुळे तो कधी झोपतच नव्हता. आणि त्याची प्लस मधल्या केबलवर, मायनस चेसिसवर नाही तर थेट बॅटरीच्या खुंटीवर. मी चेसिसची जाड केबल काढली तरी ॲम्प्लिफायर खुंटीवर आरामात जेवत होता. त्याचा करंट माझ्या केबलमधून जातच नव्हता, मग ती काढून काय उपयोग? त्या बॅटरीचे अर्धे पैसे मी दिले. आवाज कमी-जास्त होऊ नये म्हणून टेपवाले मुद्दाम थेट खुंटीवरून वायर घेतात, त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच असतं.

तेव्हापासून मी कुठलीही चाचणी करायच्या आधी बॅटरी बॉक्सचं झाकण काढतो आणि खुंट्यांवर किती वायरी आहेत ते मोजतो. जाड असतात त्या गाडीच्या. जी बारीक दिसेल, लाल, पिवळी, स्पीकरची, टेपपट्टी गुंडाळलेली, तिचं दुसरं टोक सापडेपर्यंत तिच्या मागे जायचं. चाचणी करताना बारीक वायरी सगळ्या सोडवायच्या किंवा जाड केबलबरोबर एकत्र धरून बल्बच्या क्लिपला लावायच्या. आणखी एक, मधल्या केबलवरची गळती फक्त १२ व्होल्टची असते, तिच्यात २४ व्होल्टचा बल्ब नीट पेटत नाही, जेमतेम तार लाल होते नाहीतर काहीच दिसत नाही. बल्ब विझलेला बघून खूश होऊ नका, तिथे मीटरनेच बघा.

हा माझा अंदाज आहे, आणि तो चुकू शकतो. आतली बॅटरी इंजिनच्या किंवा सायलेन्सरच्या उष्णतेजवळ असेल तरी ती लवकर जाते. तीनही वेळा जुन्या बॅटरीला नवी जोडली असेल तर तेही अर्धं कारण असू शकतं. जुनी आणि नवी एका रांगेत कधीच सारखं चार्ज घेत नाहीत. पण बाहेरचीला जास्त पाणी लागणं याचा मेळ मला मधल्या केबलच्या वायरीशीच जास्त बसतो.

तसं निघालं तर टेप फेकून द्यायची गरज नाही. २४ ला १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो दोन्ही बॅटऱ्यांवरून घ्यायचा, मध्ये फ्यूज, आणि चावीच्या लाईनवर, म्हणजे चावी काढली की तो बंद. टेपच्या मेमरीसाठी चावी नसतानाही करंट हवा असेल तर मेमरीची बारीक वायर तेवढी वेगळी, बाकी सगळं चावीवर. मधल्या केबलवर काही म्हणजे काही राहता कामा नये. मग दोन्ही बॅटऱ्या गाडीतून काढून वेगवेगळ्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या, गाडीच्या डायनामोने हा फरक भरून निघत नाही. बाहेरचीच्या प्लेटा पाण्याअभावी उघड्या पडल्या असतील तर जोडीच बदला, एक नको. दर महिन्याला आतली-बाहेरची जागा बदलणारे मालक मला माहीत आहेत. त्याने बॅटऱ्या थोड्या जास्त टिकतात हे खरं, पण मूळ कारण जागेवरच राहतं.

मेन स्विच बसवू का, हेही तुम्ही विचाराल. बसवा, मी स्वतः बसवून देतो. पण गळती शोधून झाल्यावर. आणि ॲम्प्लिफायर खुंटीवर असेल तर मायनसच्या मेन स्विचनेही तो थांबत नाही, हे आता लक्षात आलंच असेल. इंजिन चालू असताना मेन स्विच किंवा बॅटरीची केबल कधीच सोडायची नाही. काही जण डायनामो तपासायला असं करतात, त्यात डायनामोचा व्होल्ट एकदम उसळतो आणि रेग्युलेटर, डायोड, टेप, जे समोर असेल ते जातं.

पावसाळ्यातच उतरते अशी तक्रार असती तर मी वेगळीकडे बोट दाखवलं असतं. जांबोटी-कणकुंबीकडे फिरणाऱ्या गाड्यांना ते दुखणं असतं. ब्रेकच्या हवेच्या स्विचवर कायम करंट असलेली वायर असते, तिथे लाल चिखल साचून टर्मिनलवर हिरवा गंज धरतो, ओल आली की गळती सुरू, ऊन पडलं की गायब. गाडी गॅरेजला येईपर्यंत वाळलेली असते आणि काही सापडत नाही. अशा गाडीवर मी आधी पाइपने पाणी मारतो, मग बल्ब लावतो. बॅटरीच्या झाकणावर ॲसिडचा ओला थर असला तरी थोडं गळतं. मीटरची एक पिन खुंटीवर आणि दुसरी झाकणाच्या प्लास्टिकवर ठेवली तरी व्होल्ट दिसतात. बुचं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून काढायचं, झालं.

आणि उसाबद्दल. कारखान्यात नंबर लागेपर्यंत रात्रभर गाडी रांगेत उभी असते, दर अर्ध्या तासाला दहा फूट पुढे. ड्रायव्हरचा समज असा की सारखा सेल्फ मारून बॅटरी जाते. सेल्फ एका वेळेला तीनशेच्या आसपास ॲम्पिअर ओढतो, पण चार-पाच सेकंदच. हिशेब केला तर अर्धा ॲम्पिअर-अवरही होत नाही. २४ व्होल्टचे दोन हेडलाईट मात्र सहा ॲम्पिअर घेतात, तासभर राहिले तर डझनभर सेल्फ एवढा खर्च. टेप आणि गप्पा रात्रभर चालतात ते वेगळंच. ऊस टाकायच्या गव्हाणीशी पोचेपर्यंत बॅटरी अर्धी झाली तर त्याला गळती म्हणत नाहीत, तो खर्च आहे. तुमची गाडी हंगामातच जास्त त्रास देते की विटा ओढतानाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याने फरक पडतो.

काम करताना नेहमीची काळजी घ्या: सोडवताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी, हातातली अंगठी, कडं काढून ठेवा, नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीजवळ बिडी नको, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो. प्लसच्या नटावरचा पाना चेसिसला लागला की काय होतं ते ज्याने एकदा बघितलंय तो पुन्हा घाई करत नाही.

आता आज काय करायचं ते. बॉक्स उघडा, मधल्या केबलवर आणि खुंट्यांवर बारीक वायरी आहेत का बघा, मोबाईलवर फोटो काढा. मग इंजिन चालू करून, थोडी रेस देऊन, दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. दोघी १४ च्या आसपास असायला हव्यात. त्यानंतर रात्री नऊला आणि सकाळी सहाला, गाडीला हात न लावता, पुन्हा दोघी वेगवेगळ्या मोजा. एवढे सहा आकडे आणि फोटो मला कळवा. चालू इंजिनवर बाहेरची १५ ला टेकलेली आणि आतली १३ च्या घरात निघाली, तर गाडी बेळगावला आणायचे डिझेलही घालवू नका. निपाणीतच कुणाकडूनही कन्व्हर्टर बसवून घ्या आणि मधल्या केबलवरची ती वायर तुमच्या डोळ्यांसमोर कापायला लावा.